शिकवायला शिकलेले राजाभैया

ऑगस्ट महिना आला की ग्वाल्हेरच्या संगीतशिक्षकाला दोन तारखांची आठवण ठेवावी लागते. १० ऑगस्ट ही पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची जन्मतारीख. १८६० साली मुंबईत वाळकेश्वरला त्यांचा जन्म झाला. १२ ऑगस्ट ही कै. राजाभैया पूछवाले यांची. ते १८८२ साली इथेच, आपल्या लष्करात जन्मले. पहिल्या तारखेला निदान फोटोला हार पडतो, चार शब्द बोलले जातात. दुसरी तारीख मात्र माझ्या पाहण्यात बहुधा गाजावाजा न होता निघून जाते. ज्या घरांतील आजी-आत्यांनी माधव संगीत विद्यालयात सरगम गिरवली, त्या घरांतही आता राजाभैयांचे नाव ऐकून नातवंडे प्रश्नार्थक चेहरा करतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

राजाभैया हे घरातले नाव. पाळण्यातले नाव बाळकृष्ण, वडिलांचे आनंदराव आणि आडनाव अष्टेकर. पूछ या गावच्या संबंधामुळे घराण्याला पूछवाले म्हणू लागले आणि पुढे मूळ आडनाव कागदावरच राहिले. त्यांचा जन्म झाला तेव्हा ग्वाल्हेर हे ख्यालगायकीचे माहेरघर म्हणून हिंदुस्थानभर मान्यता पावलेले होते. हद्दू खाँ, हस्सू खाँ, नत्थू खाँ या बंधूंनी घडवलेली गायकी मराठी गवयांच्या घरांत रुजली होती. कीर्तनकार विष्णुबुवा पंडितांच्या घरातील शंकर पंडित आणि एकनाथ पंडित हे बंधू या विद्येचे मोठे वारस. नत्थू खाँ यांची गादी चालवणारे निसार हुसेन खाँ तर उतारवयात पंडितांच्याच घरी राहिले आणि ब्राह्मणाच्या घरातील शिवाशिव, सोवळेओवळे सांभाळून त्यांनी तिथे विद्या दिली, ही गोष्ट जुन्या मंडळींना सांगायला नको.

अशा वातावरणात राजाभैया वाढले. वामनबुवा देशपांड्यांकडून त्यांनी ध्रुपद-धमार घेतला आणि ख्याल-टप्प्याची तालीम शंकर पंडितांकडून. ती तालीम कशी असे, हे ज्यांच्या घरात गाणे होते त्यांना ठाऊक आहे. गुरूने गावे, शिष्याने मागून म्हणावे. शंका विचारायची नाही. एकच अस्थायी महिनोन्महिने चालायची, अंतरा केव्हा मिळेल हे गुरूच्या मनावर. कागदाला जागा नव्हती. विद्या कानातून गळ्यात जायची. या पद्धतीने जो टिकला तो पक्का गवई झाला, यात शंका नाही. पण दहांतला एक टिकला आणि नऊ गळाले, हेही तितकेच खरे. राजाभैया टिकलेल्यांपैकी. ध्रुपद, ख्याल, टप्पा, ठुमरी या चारही अंगांत त्यांची गती होती. ग्वाल्हेरचा टप्पा म्हणजे पाण्याच्या धारेसारख्या तुटक-जुळत्या तानांचे अवघड काम. ते काम जाणणाऱ्यांत त्यांचे नाव आदराने घेतले जाई.

१९१७ साली शंकर पंडित निवर्तले. राजाभैयांनी तेव्हा पस्तिशी गाठली होती. सामान्य गवयाचे आयुष्य या वयात ठरून गेलेले असते. विद्या हाती आलेली, चार बैठकी, चार शागीर्द, दरबाराचा आश्रय. उरलेले दिवस कमाईचे आणि मानाचे. राजाभैयांच्या आयुष्याला मात्र याच सुमारास असे वळण मिळाले की, त्यांना पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले.

त्यासाठी थोडे मागे जाऊन माधव महाराजांची दृष्टी समजून घेतली पाहिजे. माधवराव शिंदे (१८७६–१९२५) हे कामाच्या तपशिलात शिरणारे राजे. आगगाडीचे इंजिन स्वतः चालवण्याची त्यांची हौस सर्वश्रुत आहे. दोन फुटी रुळांची आपली छोटी गाडी त्यांच्याच काळात वाढली. हौसेच्या मागे एक विचार होता. ज्याच्या हाती काम द्यायचे त्याला ते काम शिकवले पाहिजे, नुसते कूळ पाहून भागत नाही. सरदारांच्या मुलांसाठी १८९७ साली सरदार स्कूल निघाले आणि पुढे किल्ल्यावर स्थिरावले, त्यामागेही हीच दृष्टी होती. जहागीर वारशाने मिळते, ती चालवण्याची अक्कल वारशाने मिळत नाही, हे महाराजांनी ओळखले होते.

हाच विचार त्यांनी गाण्याला लावला. दरबारात नामांकित गवई होते. पण शहरातील साध्या गृहस्थाच्या मुलाला गाणे शिकायचे तर जाणार कोठे? भातखंडे पंडित तेव्हा देशभर हिंडून जुन्या चिजा गोळा करत होते. १९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद त्यांच्या पुढाकाराने भरली होती. महाराजांनी त्यांना ग्वाल्हेरला बोलावले आणि संगीतशाळेची योजना ठरली. आता प्रश्न शिक्षकांचा. बाहेरून माणसे आणून ग्वाल्हेरच्या गवयांना बाजूला सारणे शक्य नव्हते, योग्यही नव्हते. तेव्हा महाराजांनी इथल्याच काही निवडक गवयांना मुंबईला भातखंड्यांकडे पाठवले. गाणे शिकायला त्यांना पाठवायची गरज नव्हती. वर्गात गाणे कसे शिकवायचे, ते शिकायला पाठवले. त्या मंडळींत राजाभैया होते.

वाचकहो, या प्रसंगाची कल्पना करा. ग्वाल्हेरचे तयार गवई, हद्दू-हस्सूंच्या गादीचा अभिमान मनात. आणि समोर गुरू म्हणून कोण? पेशाने वकील. मैफलीचा गवई म्हणून भातखंड्यांची ख्याती नव्हती. त्यांनी शास्त्र अभ्यासले होते, ग्रंथ चाळले होते, शेकडो गवयांपुढे बसून टिपणे काढली होती; पण गवयांच्या दुनियेत मान गळ्याला असतो. आमच्यासारख्या दरबारी गवयांच्या घरांत या सहलीबद्दल पुढेही कुजबूज चाले. गवयाने वकिलापुढे पाटी घेऊन बसायचे, म्हणजे सिंहाने शेळीकडून चालणे शिकायचे, असा एकंदर सूर. मी हा सूर लहानपणी माझ्या वडिलांकडून ऐकला आहे. संस्थानाच्या शेवटच्या वर्षांत ते दरबारी गवयांत होते आणि त्यांच्या उतारवयात माझा जन्म झाला. त्यांच्याविषयी पुढे लिहिणारच आहे.

मुंबईत राजाभैयांना काय शिकावे लागले? बाहेरून पाहणाऱ्याला ते फारच साधे वाटेल. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. मंद्र सप्तकातल्या स्वराखाली टिंब, तार सप्तकातल्या स्वरावर टिंब. एका मात्रेत दोन किंवा चार स्वर आले तर खाली कंस. समेला फुली, खालीला शून्य, टाळीला आकडा. दहा थाट आणि त्यांत बसवलेले राग, वादी-संवादी, गायनसमय. एवढे तर आज तिसऱ्या वर्षाची मुलगी घडाघडा सांगते. पण ज्याने पंधरा-वीस वर्षे चीज नुसती कानाने धरली, त्याला ती मात्रांच्या चौकटीत उतरवताना काय होते, ते मी सांगू शकतो. आपण जे रोज सहज गातो, ते नेमके काय गातो, हेच आपल्याला ठाऊक नसते! काल सम एका स्वरावर घेतली, आज दुसऱ्यावर. काल मुखडा पाच मात्रांचा, आज सहा. बैठकीत ही लवचिकता भूषण ठरते. वर्गात तीस मुले समोर असताना तीच गोंधळ ठरते. गवयाला प्रथम आपलेच गाणे थांबवून, उलटून, पाहावे लागते. हे काम बुद्धीला जितके जड, त्याहून अभिमानाला जास्त जड.

राजाभैयांनी ते केले. आणि या व्यवहारात देणे-घेणे दोन्ही बाजूंनी झाले, हे विसरता कामा नये. भातखंड्यांनी त्यांना लिपी आणि शिकवण्याची शिस्त दिली. राजाभैयांनी भातखंड्यांना ग्वाल्हेरच्या चिजा दिल्या. क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत देशभरच्या रचना आहेत. त्यांत ग्वाल्हेरची जी संपत्ती आहे, तिच्यात राजाभैयांच्या गळ्याचा वाटा मोठा आहे. विद्यार्थी होऊन गेलेला माणूस सहकारी होऊन परतला.

जानेवारी १९१८ मध्ये माधव संगीत विद्यालय सुरू झाले आणि राजाभैया तिथे शिक्षक झाले. भातखंडे वरचेवर ग्वाल्हेरला येत, वर्ग पाहत. इथे जमलेला प्रयोग त्यांना पुढे उपयोगी पडला. १९२६ साली लखनौला मॅरिस कॉलेज निघाले, त्याच्या आठ वर्षे आधी दरबारी गवयांना शिक्षक करण्याचा धडा ग्वाल्हेरने घालून दिला होता.

आता नव्या कामाचे स्वरूप पाहा. घरच्या तालमीत गुरूला शिष्य निवडता येतो. शाळेत जो फी भरून येईल तो आपला विद्यार्थी. घरी वेळेला मर्यादा नसते. शाळेत घंटा झाली की षड्ज अर्धा सोडून उठायचे. घरी शिष्य गुरूचा स्वभाव सांभाळतो. शाळेत शिक्षकाने मंद मुलाचा स्वभाव सांभाळायचा. पहिल्या वर्षाला काय, दुसऱ्याला काय, परीक्षेत कशाला किती गुण, हे सारे आधी ठरवायचे आणि ठरले की आपल्या लहरीपेक्षा ते मोठे मानायचे. शिवाय बरोबरचे शिक्षकही गवईच! प्रत्येकाची चीज वेगळी, प्रत्येकाला आपलाच पाठ शुद्ध वाटणार. अशा मंडळींना एका अभ्यासक्रमावर आणणे म्हणजे पाच तंबोरे एका स्वरात मिळवण्याइतके नाजूक काम. पुढे राजाभैया त्याच विद्यालयाचे प्राचार्य झाले, तेव्हा हे काम त्यांच्या शिरावर आले.

आजच्या व्यवहारात पाहिले तर ही गोष्ट गाण्यापुरती राहत नाही. गिरणीतला उत्तम फिटर एके दिवशी फोरमन होतो, उत्तम कारकून हेडक्लार्क होतो, दुकानात गिऱ्हाइकाला हमखास माल विकणारा गुमास्ता पेढीचा कारभारी होतो. स्वतःचे काम उत्तम येते म्हणूनच त्याला बढती मिळते. आणि बढती मिळाल्यावर कळते की नवे काम अगदी निराळे आहे. आता त्याने स्वतः काम करायचे नसून दुसऱ्यांकडून करून घ्यायचे असते. जो हे ओळखत नाही, तो प्रत्येकाच्या हातून काम ओढून घेतो, चिडतो आणि शेवटी माणसे नालायक आहेत म्हणून कपाळाला हात लावतो. आता कारखान्यांत आणि बँकांत अधिकाऱ्यांना यासाठी मुद्दाम प्रशिक्षण देतात. ग्वाल्हेरच्या गवयांना ते १९१७-१८ च्या सुमारास मिळाले आणि राजाभैयांनी ते मनापासून घेतले.

मी स्वतः याच खड्ड्यात पडलेला माणूस आहे. पहिली नोकरी लागली तेव्हा गळा तयार होता, मनात ऐट होती. पहिल्या दिवशी वर्गात यमन गायलो; तासभर गायलो. मुले तल्लीन होऊन ऐकत होती. मला वाटले, जिंकली. महिन्याने परीक्षा घेतली तर एकाही मुलाला धड आरोह-अवरोह येईना. दोष मी मुलांच्या कानांना दिला. दुसऱ्या वर्षीही तेच. शेवटी एका वयस्क सहकाऱ्याने मला एकांतात बसवून विचारले की, मुलांना काय येत नाही याची यादी मी कधी केली आहे का? केली नव्हती. त्या रात्री राजाभैयांची तानमालिका कपाटातून काढली. ते पुस्तक घरात होते, पण मी ते दुय्यम समजत आलो होतो; लिहिलेली तान ती काय तान, असे घरात ऐकले होते. आता शिक्षकाच्या नजरेने पाने उलटली. रागवार ताना, तालात बांधलेल्या, समेवर आणून सोडलेल्या. गवयाला त्यात नवल नाही. पण ज्याच्या मुलाला तान म्हणजे काय हेच कळत नाही, त्या शिक्षकाला ती जिन्याची पायरी आहे. मोठा गवई मुद्दाम लहान पावले टाकतो आहे, हे मला पानापानावर दिसले. तानमालिकेखेरीज ठुमरी तरंगिणीसारखी पुस्तकेही त्यांनी केली. ज्या घराण्यात चीज लपवणे हा शहाणपणा मानला जाई, त्या घराण्यातल्या माणसाने ती छापून रुपया-दोन रुपयांना बाजारात ठेवली, हे धाडस लहान नव्हे.

या पद्धतीवर आक्षेप होते आणि ते पोकळ नव्हते. लिपीत स्वर येतो, पण मींडेचा दाब, स्वराला लागलेला कण, टप्प्यातली झटक्याची जागा कागदावर पूर्ण उतरत नाही. वर्गातून गाणारे बरेच निघतात, गवई क्वचितच निघतो. शंकर पंडितांचे चिरंजीव कृष्णराव पंडित यांनी १९१४ सालीच ग्वाल्हेरात आपले गांधर्व महाविद्यालय काढले होते. वडिलांच्या मागे त्याला त्यांचे नाव मिळाले. तिथे घराण्याच्या तालमीचा कस सांभाळला जाई. एका गावात दोन वाटा झाल्या आणि त्यांच्यात चढाओढही झाली. मला वाटते, ग्वाल्हेरचे भाग्य की दोन्ही होत्या. राजाभैयांचे वैशिष्ट्य हे की त्यांनी दुसरी वाट धरताना पहिली सोडली नाही. त्यांच्या घरात जुनी तालीम चालूच राहिली. चिरंजीव बाळासाहेब पूछवाले पुढे नामवंत गवई झाले, ते त्याच तालमीतून. सकाळी घरात घराणे आणि दिवसा शाळेत फळा, असा दुहेरी संसार त्यांनी केला.

१९२५ साली माधव महाराज पॅरिसला वारले. १९३६ साली गणेशचतुर्थीला भातखंडे गेले. १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि दरबारी गाण्याचा आधार सुटला. या वेळी राजाभैयांनी धरलेल्या वाटेची किंमत कळली. ज्यांनी तीस वर्षांत शिकवण्याची कला साधली होती, त्यांना वर्ग होता, पगार होता, मान होता. ज्यांनी ती कमीपणाची मानली, त्यांच्यापुढे अंधार.

माझे वडील दुसऱ्यांपैकी. ऐन तारुण्यात त्यांची नेमणूक संपली. गाणे उत्तम, पण शिकवता येईना, लिहिता येईना आणि शिकायला जाणे मानी स्वभावाला पटेना. घरोघर शिकवण्या केल्या, त्या कुरकुरत केल्या. मुलांवर ओरडायचे, मुले जायची. लिपी त्यांनी शेवटपर्यंत हातात धरली नाही. त्यांच्याकडे एक टप्पा होता. मला त्यांनी त्याची अस्थायी दिली होती, अंतरा पुढच्या पाडव्याला देईन म्हणाले होते. तो पाडवा आला नाही. मी बरीच घरे हिंडलो, पुस्तके पाहिली, त्या पाठाचा अंतरा मला सापडलेला नाही. वडिलांवर राग धरायला मन धजत नाही. त्यांना वाढवले त्या जगात चीज जपणे म्हणजे ती झाकून ठेवणे, असाच अर्थ होता. पण अर्धा टप्पा गाताना दर वेळी मला राजाभैया आठवतात आणि वाटते, एका पिढीने थोडा अभिमान गिळला असता तर किती शिल्लक राहिले असते.

१९५६ साली राजाभैयांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी १ एप्रिलला त्यांची प्राणज्योत मालवली. वय त्र्याहत्तर. माधव संगीत विद्यालयाचे पुढे महाविद्यालय झाले. २००८ साली इथे राजा मानसिंह तोमरांच्या नावाने संगीत आणि कलांचे विद्यापीठ उभे राहिले. २०२३ साली युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीतनगरी म्हणून मान दिला. त्या वेळी व्यासपीठावरून तानसेनाचे नाव निघाले, हद्दू-हस्सूंचे निघाले, ते योग्यच झाले. त्यांच्या पाठोपाठ राजाभैयांचेही घ्यावे असे मला वाटते. थोर गवई गावाला कीर्ती देतात. ती कीर्ती पुढच्या मुलांच्या गळ्यात उतरावी म्हणून कुणाला तरी हजेरीपट हाती घ्यावा लागतो.

यंदा १२ ऑगस्टला माझ्या वर्गात मी भाषण ठेवलेले नाही. प्रत्येक विद्यार्थ्याने घरातल्या वडीलधाऱ्या माणसाकडून एक जुनी चीज, आरती, ओवी, जे मिळेल ते ऐकून लिपीत उतरवून आणायचे आहे. रेघा चुकतील, टिंबे चुकतील. ती मी दुरुस्त करीन. आणि वडिलांच्या टप्प्याची अस्थायी मी स्वतः त्याच दिवशी फळ्यावर लिहिणार आहे, अंतऱ्याची जागा मोकळी ठेवून. ग्वाल्हेरातल्या कुणाच्या घरी तो अंतरा कुणाच्या कानात राहिला असेल, तर त्यांनी कृपा करून वर्गात यावे. खडू त्यांच्या हाती देईन.